मागच्या पानावरच्या सहा ओळी

— थांबा, ते पुन्हा म्हणा. नाही, टोपी घालायची घाई नको, कालव्यातल्या होडीला अजून तास आहे, ती ओढायचा घोडासुद्धा जोडला नसेल त्यांनी — आत्ता काय म्हणालात, ते पुन्हा एकदा म्हणा. "या नकलेचं अक्षर फार देखणं आहे, कुणाचं आहे?" असंच ना? मग बरोबर ऐकलं मी. माझं आहे. हो, माझं. असे बघू नका, मागिस्टर, दारातच तुम्ही ओला झगा माझ्या हातात ठेवलात आणि "सिन्नेमा-बाईंना वर्दी द्या" म्हणालात, तेव्हाही मी तो मुकाट्याने शेगडीपाशी वाळत घातला. सिन्नेमा-बाई मीच. हिस्के सिन्नेमा. प्राध्यापक ताको सिन्नेमा — तुमच्या जगातले सिन्नेमियुस — माझे यजमान. नावाला ते 'उस' चिकटलं की माणूस विद्वान होतो, नाही का? तुमचंही चिकटलं असेलच. बसा. हे ताक घ्या, राईची भाकर आहे, जिऱ्याचं चीज आहे. खा. या टेबलावर पंचवीस वर्षं असेच पाहुणे जेवले, ओळखीची चिठ्ठी हातात आणि नजर पुस्तकांच्या कपाटावर. कोणी आठवड्यासाठी म्हणून ग्रंथ नेला, कोणी एक दिवसासाठी म्हणून टिपणं नेली, त्यांचा एक दिवस अजून संपलेला नाही. तुम्ही निदान आधी विचारलंत, हे तुमच्या बाजूने धरते.

तर तुम्हाला पत्रं हवी आहेत. पादुआच्या प्राध्यापक बेल्कारोंची पत्रं. त्यांच्या शिष्यांनी ठरवलंय, गुरूंचा सगळा पत्रव्यवहार आम्स्टरडॅमला छापायचा, जाड पुठ्ठा, पुढे चित्र, चित्रात डोक्यावर पानांचा मुकुट. ठीक आहे. यजमान गेले त्याला नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवसाला, दोन वर्षं होतील, त्यांच्या कपाटात बेल्कारोंची एकोणचाळीस पत्रं आहेत, क्रमाने बांधून मीच ठेवलीत. आणि त्यात जे तुम्हाला सगळ्यात जास्त हवंय ते सोळाशे अठ्ठावन्नच्या ऑगस्टचं, नदीचं पत्र — हो ना? त्याची नुसती नक्कल तुमच्यापाशी आहे, एम्डेनच्या पास्टरकडे गेलेली, आणि नकलेवर विसंबून छापणं बरं नाही, मूळ समोर हवं. बघा, मलाही कळतं तुमचं शास्त्र. आणि हा छापलेला नमुन्याचा कागद तुम्ही मला दाखवायला आणलात, विधवा बाई खूश होईल, नवऱ्याचं नाव छापून आलंय — आलंय खरं, दोनदा आलंय. पण मागिस्टर, इथे खाली, पत्र संपतं तिथे, या तीन फुल्या कसल्या? आणि फुल्यांपुढे हे बारीक अक्षरात? नका, मला अर्थ सांगू नका. "उरलेला मजकूर घरगुती." तेवढं लॅटिन येतं मला.

दचकलात? ताक सांडेल. येतं हो. तेव्हा येत नव्हतं, आता येतं. तेव्हा येत असतं तर — ते राहू दे, क्रमाने सांगते. तुम्हा लोकांना क्रम लागतो.

आमच्या यजमानांचं आणि उत्रेख्तच्या फेरहोफांचं भांडण होतं. तुम्हाला माहीतच असेल, तुमच्या जगात सगळ्यांना माहीत होतं. एका जुन्या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथातली एक ओळ. कुठल्याशा सेनापतीने कुठलीशी नदी डोंगरापाशी ओलांडली की मुखापाशी. अकरा वर्षं! अकरा वर्षं दोघं एकमेकांना गाढव म्हणत होते, तेही इतक्या सभ्य लॅटिनमध्ये की गाढवालाही मान वाटावा. ती नदी एव्हाना आटली असेल. तर त्या ग्रंथाची सगळ्यात जुनी हस्तलिखित प्रत पादुआला, बेल्कारोंच्या ताब्यात. ते ती कुणाला बाहेर देत नाहीत, स्वतः बसून जुळवायला त्यांना सवड नाही — पण कोणी एखादा नीट शिकलेला तरुण पाठवलात, तर माझ्या घरी राहील, माझा लेखनिक म्हणून काम करील आणि फावल्या वेळात तुमच्यासाठी एकेक ओळ ताडून पाठभेद उतरवील, असं त्यांनी कळवलं. फावल्या वेळात! मोठं मन. आणि आमच्या घरात नीट शिकलेला तरुण होता. योरिट. एकोणीस वर्षांचा. आमचा एकुलता एक — म्हणजे जगलेला एक.

त्याला जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगत नाही. त्याला माझ्या भावाकडे जायचं होतं, हार्लिंगनला, भावाची लाकूड कापायची पवनचक्की आहे. सुट्टीत तिथे जायचा तो आणि परत यायचा तेव्हा केसांत भुसा, खिशात भुसा, आणि नुसता हसत असायचा. ग्रीक चांगलं होतं त्याचं, वडील म्हणायचे माझ्याहून चांगलं होईल, पण त्याला ती करवत खाली-वर होताना बघायला आवडायची. यजमान तर म्हणाले होते, "राहू दे, दुसऱ्या कुणाला पाठवू." ते म्हणाले होते! आणि मी म्हटलं — जन्मभर मामाच्या भुशात लोळणार आहेस का? वडिलांचं नाव लिस्बनपासून डान्झिगपर्यंत माणसं घेतात, आणि तू फळ्या मोजणार? मी म्हटलं हे. दोरखंड वळणाऱ्याची मुलगी मी, मला त्या विद्वानांच्या टेबलाचा फार अभिमान. पाहुणे लॅटिनमध्ये बोलायला लागले की मी वाढता वाढता ऐकत राहायची, एक अक्षर कळत नसताना, वाटायचं केवढं भाग्य आपलं. तर तो गेला. मीच शिवला त्याचा प्रवासाचा कोट.

नाही, मी ठीक आहे. तुम्ही खा.

आता नकलेचं. तुमच्याकडे ब्रेमेनला हीच रीत असेल — पत्र आलं की ते एकट्याचं नसतं. ते मोठ्याने वाचायचं, चार मित्रांना दाखवायचं, नकला करून चार गावांना धाडायच्या, ते पुढे आणखी चार गावांना धाडणार. आधी हे काम योरिट करायचा. तो गेल्यावर माझ्यावर आलं. मला डच लिहिता येत होतं, अक्षर वळणदार होतं, आणि यजमान म्हणायचे की अर्थ न कळणाऱ्या माणसासारखा नकलनवीस नाही — अर्थ कळणारा शहाणपणा करतो, न कळणारा जसंच्या तसं उतरवतो. खरं होतं त्यांचं. मी चित्र काढल्यासारखी काढायची अक्षरं. एकही चूक नाही. "हिस्के, अक्षर गाळू नकोस आणि अक्षर घालू नकोस," एवढाच त्यांचा नियम, आणि तुम्हा सगळ्यांचाच तो नियम, हो ना? लक्षात ठेवा तुम्ही आत्ता मान हलवलीत ती.

सप्टेंबरचा शेवट होता. दुपारची होडी आली आणि पादुआचं पाकीट आलं. जाड. घरात तेव्हा दोन पाहुणे, हेरिंग मासे तळत होते मी. यजमानांनी लाख फोडली आणि आत काय, तर तीन मोठे ताव योरिटच्या हातचे! त्याचे पाठभेद. त्याचा तो डावीकडे झुकलेला 'द', मी लांबून ओळखला. हात पिठाचे होते तशीच धावले. तुम्हाला कळतंय ना — त्याचं अक्षर आलं म्हणजे तो बरा आहे. दुसरं काय समजणार कोणी? मी त्या कागदाला — असो. आणि त्या तीन तावांसोबत बेल्कारोंचं पत्र, एकच पान, त्यात नदीच्या ओळीवर त्यांचा निकाल. नदी मुखापाशीच ओलांडली. सिन्नेमियुस बरोबर, फेरहोफियुस चूक. अहो, माझा नवरा, पन्नाशीचा माणूस, खुर्चीवर चढला! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बिअर उघडली, त्यांनी ती ओळ तीनदा वाचून दाखवली, मग पत्र माझ्या हातात दिलं — "चार नकला, हिस्के, उद्याच्या होडीने गेल्या पाहिजेत, उत्रेख्तची आधी कर!" — आणि स्वतः योरिटचे ताव घेऊन अभ्यासिकेत गेले, ते नऊ दिवस बाहेर आलेच नाहीत म्हणा. जेवायला यायचे, ओठ हलत असायचे.

मी लिहायला बसले. पान उलटलं तर मागे आणखी सहा ओळी. जरा बारीक, शाई वेगळी, नंतर लिहिल्यासारख्या. मी अभ्यासिकेच्या दारात गेले, हे पत्र असं हातात धरून, आणि विचारलं — "मागच्या पानावर सहा ओळी आहेत, त्याही लिहू का?" त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "सगळं लिही. अक्षर गाळू नकोस."

मी गाळलं नाही.

चार वेळा लिहिलं. उत्रेख्त, लायडन, एम्डेन, हँबर्ग. नाव असतं तर ओळखलं असतं — त्याचं नाव कुठे नव्हतं, "तो तरुण" एवढंच होतं. चर्चमध्ये लॅटिन ऐकलं असतं तर मरणाचा एखादा शब्द तरी कानावरून गेला असता, पण आमची प्रार्थना डचमध्ये, देवाशी आम्ही कळणाऱ्या भाषेत बोलतो. तेव्हा मी काढत गेले. मन आनंदात होतं, हात आनंदात होता, मनात म्हणत होते की या शेवटच्या ओळी नक्की योरिटच्या कौतुकाच्या असणार, म्हणून तर मागाहून घातल्यात. आणि एम्डेनच्या नकलेत शेवटी जागा उरली थोडी. मोकळी जागा मला बघवत नाही. म्हणून मी तिथे — बघा, तुमच्या हातातच आहे, उलटा तो कागद — ती वेल काढली. दोन पानं आणि एक फूल.

बघितलीत? छापणाऱ्याने ती घेतली नाही, ते एक बरं केलं.

त्यानंतर एकोणीस दिवस. एकोणीस दिवस ते पत्र या घरात त्या कपाटात होतं आणि मी योरिटसाठी मोजे विणत होते, राखाडी लोकरीचे, तिकडे थंडी नसते म्हणतात पण दगडी घरं असतात. मोजे पुरे करून होडीने पाठवलेसुद्धा. आणि विसाव्या दिवशी एम्डेनहून पत्र आलं. माझ्या नावाने! माझ्या नावाने पत्र येत नसे कधी. पास्टरची बायको, गेस्के, मी तिला जन्मात पाहिलेली नाही, तिच्या बोलीत लिहिलेलं, साधं, चुका भरलेलं. तिच्या नवऱ्याने तिला माझी नक्कल वाचून दाखवली होती, अर्थ सांगून. लिहिते — "बाई, मीही दोन पुरले आहेत. पण त्या ओळी लिहिताना तुमचा हात जराही हलला नाही, उलट शेवटी तुम्ही वेल काढलीत. देवावर केवढा विश्वास तुमचा. माझ्याच्याने झालं नसतं."

मी ते उभ्याने वाचलं. हो, याच खोलीत. मग कपाट उघडलं, पत्र काढलं, अभ्यासिकेत गेले आणि मागचं पान वर करून त्यांच्या पाठभेदांवर ठेवलं. म्हटलं, "वाचा. डचमध्ये वाचा."

त्यांनी वाचलं. एका दमात, अर्थ लावत, विद्यार्थ्याला सांगावं तसं. — "हे पाठ ज्या तरुणाने उतरवले, तो सोळाव्या पानावर असताना तापाने पडला आणि नवव्या दिवशी गेला. उरलेली पानं दुसऱ्याकडून करवून घेईन. शेवटचे दोन दिवस तो सारखा बोलत होता, पण कुठल्या तरी बोलीत, जी इथे कुणालाच येत नाही. तेव्हा काय म्हणाला ते कळवू शकत नाही. आपली सेवा घडली याचा आनंद आहे."

झाल्या सहा ओळी.

आमची फ्रिजियन, मागिस्टर. या मुलखाची, माझी बोली. मी त्याच्याशी जी बोलायची ती. शहाण्यांनी भरलेल्या त्या गावात, जिथे हिब्रू येतं, अरबी येतं, मेलेल्या सगळ्या भाषा येतात, तिथे माझा मुलगा दोन दिवस त्याच्या आईच्या भाषेत काहीतरी मागत होता, आणि एकालाही ती येत नव्हती. पाणी मागत असेल. मला हाक मारत असेल. शिव्या देत असेल मला — आणि का देऊ नयेत? आणि ती बातमी मला कळवली कुठल्या भाषेत, तर जी मला येत नाही तिच्यात. कुणाचा दोष? त्यांनी लॅटिनमध्ये कळवलं, दुसरं कशात कळवणार. आधी नदी आणि मग मरण, कारण तुमच्या पत्रांत कामाचं आधी आणि घरचं मागे, हीच रीत. माझ्या नवऱ्याने पान उलटलं नाही, कारण पानाच्या पुढच्या बाजूला तो जिंकला होता. सगळ्यांनी रीतीप्रमाणेच केलं. म्हणून तर मला इतका संताप येतो, की धरावं कुणाला!

त्या हिवाळ्यात मी योरिटचं शाळेचं पहिलं पुस्तक काढलं. समासात पवनचक्क्या काढलेल्या सगळीकडे. सेहेचाळिसाव्या वर्षी, लोणी घुसळताना, विभक्त्या पाठ. यजमानांना पत्ता नव्हता. दोन वर्षांनी मी त्यांच्या कपाटातल्या पत्रांचे मसुदे वाचले, बेल्कारोंना त्यांनी काय उत्तर पाठवलं ते बघायला, कारण मला कळायलाच हवं होतं. आभाराची एक ओळ, आणि मग विचारलंय — सतराव्या पानापासून पुढचं कधी मिळेल? मी तो कागद चुलीत घालणार होते. मग नीट बघितलं. ती पहिली ओळ सात वेळा लिहून खोडलेली होती. सात वेळा "माझा मुलगा" लिहिलंय आणि खोडलंय, कागद फाटेपर्यंत. आणि मग पाठभेद, सरळ, न थरथरता. — हे मी तुम्हाला का सांगते आहे? हे तुमच्या पुस्तकासाठी नाही. ते वाईट नव्हते. त्यानंतर चौदा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो, एवढंच.

काय म्हणता? — हो, हो, मला माहीत आहे, पत्रसंग्रहात घरगुती मजकूर गाळतात, सगळेच गाळतात. वाचकाला त्यात रस नसतो. गुरूंच्या नावाला — हां, ते बोला, खरं ते बोला. ते पाठभेद माझ्या मुलाने उतरवले, हे फक्त त्या सहा ओळींत आहे. त्या काढल्या की तुमच्या या छापील कागदावर सगळं बेल्कारोंनी स्वतः ताडलं असं होतं. आणि तुम्ही मघाशी मान हलवली होतीत, अक्षर गाळू नये म्हणून. दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या रोमनाचा एक शब्द गळला तर अकरा वर्षं भांडता! माझ्या मुलाच्या सहा ओळींवर तीन फुल्या?

साधी गोष्ट आहे. सहा ओळी छापा, एकोणचाळीस पत्रं घेऊन जा, मी बांधूनच देते. नाहीतर नाही. — तुमच्या हातात नाही? मंडळींना विचारायला हवं? हँबर्गला लिहावं लागेल, हँबर्गची मंडळी लाइप्झिगला लिहितील. तळटीप? बारीक टायपात तळटीप, नाव न घालता? तुम्ही चांगले आहात हो, मागिस्टर, तुम्हाला वाईट वाटतंय, कान लाल झालेत. पण नाही.

ते काखेतलं दाखवा. तेच, ते आडवं छोटं पुस्तक. तुमची सह्यांची वही ना? माझ्यापुढे ठेवली नाहीत तुम्ही ती, इथल्या, फ्रानेकरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांसाठी जपून ठेवलीत. द्या तर खरी. — अरे वा. केवढी माणसं. ग्रीक, हिब्रू, ढाली, मुकुट, "या विद्वान आणि सद्गुणी तरुणास, मैत्रीची खूण म्हणून." जाल त्या गावी पहिली ही वही टेबलावर ठेवायची, घरचा प्राध्यापक ती पान-पान चाळणार, कोणाकोणाच्या सह्या आहेत बघणार, मगच तुम्हाला कपाट उघडून देणार. आणि हे बेल्कारो. बरीच मोठी सही आहे, म्हातारपणी केलेली, हात कापतोय. ही सही दाखवली की कुठलंही कपाट उघडत असेल तुमच्यासाठी, नाही?

हिची मागची बाजू कोरी आहे.

बसा! फ्रिजियन बाई आहे मी, तुम्हाला खाणार नाही. बोरू द्या तो. तुम्ही सगळ्यांकडून लिहून घेता, आज माझ्याकडून घ्या. मला मूळ पत्र समोर ठेवायची गरज नाही, मला पाठ आहे. चार वेळा लिहिलंय, ही पाचवी खेप. — हं. "हे पाठ ज्या तरुणाने उतरवले." इथे मी एक शब्द घालते आहे, नियम मोडून. योरिट. आता ठीक झालं. — गप्प बसा जरा, लिहिताना बोलू नये. — सोळाव्या पानावर. — नवव्या दिवशी. — बोली. — हात हलतोय, बघा. हलू दे. गेस्केबाईंना कोणी सांगा, हलतोय.

झालं. फाडायचं असेल तर फाडा, पण मग त्यांची सहीही जाईल. तुम्ही फाडणार नाही. हा कागद तुम्हाला जपावाच लागेल. उत्रेख्तला जा, पॅरिसला जा, जिथे जाल तिथे ज्याच्या हातात ही वही द्याल तो पान उलटेल. तुम्हा लोकांना पान उलटायला शिकवायला हवंच होतं कुणीतरी.

शाई टिपायला वाळू टाकली आहे, लगेच मिटू नका, अजून ओली आहे. — काय बघताय? हो, खाली जागा उरली आहे. राहू दे. तिथे काही काढायचं नाही.

झगा वाळला असेल. ती बघा, होडीची घंटा. दार ओढून घ्या जाताना, आपणहून लागत नाही ते.